ब्राउझर हाकायचा कुठून? सेलेनियम ते प्लेराइट : वीस वर्षांची गोष्ट

मागे आवाज येतोय ना? बरं.

पत्रिकेवर आजचा विषय ‘ब्राउझर ऑटोमेशनच्या साधनांची तुलना’ असा छापलाय. त्यामुळे काही जण तक्ता बघायला आले असतील. एका रकान्यात सेलेनियम, दुसऱ्यात सायप्रेस, तिसऱ्यात प्लेराइट आणि खाली बरोबरच्या नि चुकीच्या खुणा. तो तक्ता मी आणलेला नाही. असे तक्ते नेटवर ढिगानं पडलेत आणि सहा महिन्यांत शिळे होतात. मी आज इतिहास सांगणार आहे, कारण या साधनांमधले जे फरक आपल्याला आज गुणदोष म्हणून दिसतात, त्यातला प्रत्येक फरक कुठल्यातरी वर्षी कुणालातरी आलेल्या अडचणीतून जन्मलाय. ती अडचण कळली की साधनाचा स्वभाव कळतो. मग तक्ता तुमचा तुम्ही मांडू शकता.

ज्यांचं हे रोजचं काम नाही, त्यांच्यासाठी दोन मिनिटं. समजा तुम्ही बँकेची साइट बनवलीत. लॉगिन करायचं, खातं निवडायचं, रक्कम टाकायची, ओटीपी द्यायचा, पैसे गेल्याचा निरोप दिसायला हवा. दर वेळी साइटमध्ये काही बदललं की हे सगळं पुन्हा तपासावं लागतं, कारण बदल एकीकडे केला की मोडतं भलतीकडेच. पूर्वी, आणि बऱ्याच ठिकाणी आजही, हे काम माणसं करतात. एक्सेलच्या शीटमध्ये पाचशे ओळी असतात, प्रत्येक ओळीत ‘हे करा, हे दिसायला हवं’ असं लिहिलेलं असतं, आणि रिलीजच्या आधी चार-पाच मुलंमुली तीन दिवस बसून त्या ओळी एकेक करून उरकतात. पाचशेव्या ओळीला पोचेपर्यंत डोळा चुकतो. तर हे क्लिक करण्याचं आणि बघण्याचं काम प्रोग्रॅमकडून करून घ्यायचं, म्हणजे ब्राउझर ऑटोमेशन.

आता प्रश्न असा की प्रोग्रॅमनं ब्राउझर हाकायचा कुठून? बैलगाडी हाकणारा गाडीवर पुढं बसतो हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ब्राउझरच्या बाबतीत बसायची जागाच ठरलेली नव्हती. ब्राउझर माणसासाठी बनवलेला होता, दुसऱ्या प्रोग्रॅमनं त्याला हाकावं असं त्यात काही नव्हतं. माझ्या मते या वीस वर्षांतला जवळजवळ प्रत्येक वाद हा या बसायच्या जागेचा वाद आहे.

सुरुवात पैशांपासून करू. २००० च्या आसपास या क्षेत्रावर मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह या कंपनीचं राज्य होतं. १९८९ मध्ये स्थापन झालेली कंपनी. विनरनर आणि नंतर क्विकटेस्ट प्रोफेशनल, म्हणजे क्यूटीपी, ही तिची साधनं. इथं बसलेल्यांपैकी ज्यांनी त्या काळात पुण्या-मुंबईत टेस्टिंगची नोकरी शोधली, त्यांच्या बायोडेटावर क्यूटीपी हा शब्द असणारच. माझ्याही होता. क्यूटीपी विंडोजवर चालायचं, स्क्रिप्ट व्हीबीस्क्रिप्टमध्ये लिहायची, आणि पडद्यावरच्या प्रत्येक बटणाची, प्रत्येक खिडकीची नोंद एका भांडारात ठेवायची. तुम्ही क्लिक करत जा, ते टिपून घेईल, मग पुन्हा चालवा. पहिल्या दिवशी जादू वाटायची. दुसऱ्या महिन्यात डेव्हलपरनं बटणाचं नाव बदललं की टिपलेलं सगळं कोलमडायचं.

पण खरी अडचण लायसन्सची होती. ते महाग होतं, म्हणून मोजकंच घेतलं जायचं, आणि ते ज्या मशीनवर असेल तिथंच टेस्ट चालायच्या. म्हणजे डेव्हलपरनं कोड लिहिला की त्यानंच लगेच टेस्ट चालवून बघावी, हे शक्यच नव्हतं. टेस्टिंग हा वेगळा विभाग, वेगळी खोली, वेगळी माणसं. साधनाच्या किमतीनं माणसांमध्ये भिंत घातली होती. पुढं २००६ मध्ये एचपीनं मर्क्युरी सुमारे साडेचार अब्ज डॉलरला विकत घेतली. या धंद्यात तेव्हा किती पैसा होता याचा अंदाज त्यावरून येईल.

आता २००४ मध्ये या. शिकागो. थॉटवर्क्स नावाची सल्लागार कंपनी, आणि तिथं जेसन हगिन्स नावाचा एक प्रोग्रॅमर. तो कंपनीच्याच अंतर्गत वापरासाठी, कर्मचाऱ्यांनी वेळेचा आणि खर्चाचा हिशोब भरायचा, अशा एका ॲप्लिकेशनवर काम करत होता. अगदी रुक्ष काम. पण त्यातली पानं वेगवेगळ्या ब्राउझरमध्ये वेगवेगळी वागायची, आणि दर वेळी हातानं तपासून तो कंटाळला. त्यानं विचार केला तो असा: सगळ्या ब्राउझरना समजणारी एक भाषा आधीच आहे, जावास्क्रिप्ट. मग हाकणाऱ्याला पानाच्या आतच बसवलं तर? जावास्क्रिप्टचा एक छोटा प्रोग्रॅम पानाबरोबर ब्राउझरमध्ये शिरतो, तक्त्यात लिहिलेल्या सूचना एकेक करून वाचतो, बटण शोधतो, दाबतो, काय झालं ते बघतो आणि ओळ हिरवी किंवा लाल रंगवतो.

यात लायसन्स नाही, विंडोजची सक्ती नाही. जिथं जावास्क्रिप्ट चालेल तिथं टेस्ट चालणार. त्याच सुमारास रूबी भाषेत वॉटिर नावाचं एक मोफत साधन आलं होतं, पण ते त्या काळी इंटरनेट एक्सप्लोररपुरतंच होतं, मायक्रोसॉफ्टनंच ठेवलेल्या आतल्या जोडणीतून त्याला चालवायचं. हगिन्सची युक्ती कुठल्याही ब्राउझरला लागू होती.

नावाची गंमत सांगायलाच हवी. मर्क्युरी म्हणजे पारा. पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हे मूलद्रव्य उतारा म्हणून घेतात, अशी हगिन्सनं एका ईमेलमध्ये थट्टा केली. नाव तिथंच चिकटलं. एका थट्टेतून आलेलं नाव पुढं जगभरच्या नोकरीच्या जाहिरातींत छापलं गेलं.

(हशा)

पण आत बसण्याची किंमत होती, आणि ती लगेच कळली. १९९५ मध्ये नेटस्केपनं आपल्या दुसऱ्या आवृत्तीत जावास्क्रिप्ट आणली तेव्हाच एक नियमही आणला होता. एका साइटवरून आलेल्या स्क्रिप्टला दुसऱ्या साइटच्या पानात हात घालता येणार नाही. याला सेम ओरिजिन पॉलिसी म्हणतात. नियम रास्त आहे. तो नसता तर एखाद्या फालतू जाहिरातीच्या पानानं शेजारच्या टॅबमधलं तुमचं बँकेचं खातं वाचलं असतं. पण सेलेनियमसुद्धा शेवटी एक स्क्रिप्टच. त्यामुळे ज्या सर्व्हरवर तुमचं ॲप्लिकेशन, त्याच सर्व्हरवर सेलेनियमच्या फायली ठेवाव्या लागत. आणि टेस्टमध्ये लॉगिनसाठी किंवा पैसे भरण्यासाठी दुसऱ्या साइटवर जायची वेळ आली की खेळ खलास.

यावर थॉटवर्क्समध्येच तोडगा निघाला. पॉल हॅमंट आणि त्याचे सहकारी यांनी सेलेनियम रिमोट कंट्रोल, म्हणजे आरसी बनवलं. ब्राउझर आणि इंटरनेट यांच्यामध्ये एक मध्यस्थ सर्व्हर बसवायचा. ब्राउझरला वाटतं की पान आणि सेलेनियमच्या फायली एकाच घरून आल्या आहेत, प्रत्यक्षात मधला माणूस दोन्ही एकत्र बांधून देतोय. शिवाय आता टेस्ट जावा, पायथॉन, रूबी, कशातही लिहिता येऊ लागली, कारण हुकूम मध्यस्थाला द्यायचे होते. हीच गोष्ट मोठी ठरली. टेस्ट लिहिणाऱ्याला ॲप्लिकेशनच्या भाषेत लिहिता येऊ लागलं.

तरीही आरसीवर ज्यांनी काम केलंय त्यांना विचारा. सुरक्षित पानांसाठी मध्यस्थानं दिलेलं बनावट प्रमाणपत्र ब्राउझरला मान्य व्हायचं नाही. फाइल अपलोड करता यायची नाही, कारण स्क्रिप्टला वापरकर्त्याच्या डिस्कवरची फाइल निवडायची परवानगी ब्राउझर देत नाही, आणि देऊही नये. आणि सगळ्यात गंभीर गोष्ट: स्क्रिप्टनं केलेलं क्लिक हे खरं क्लिक नसतं. बटणावर अर्धपारदर्शक पडदा आला असेल तर माणसाचं बोट त्या पडद्यावर पडेल, बटण दाबलं जाणार नाही. पानाच्या आतली स्क्रिप्ट मात्र बटणाला थेट सांगते, ‘तू दाबला गेलास.’ बटण विश्वास ठेवतं. टेस्ट हिरवी, आणि ग्राहक मात्र पडद्यावर बोट आपटत बसलेला.

हे टोचलं सायमन स्ट्यूअर्टला. तोही थॉटवर्क्सचाच, पुढं गूगलमध्ये गेला. २००६-०७ च्या सुमारास त्यानं वेबड्रायव्हर सुरू केलं. त्याची भूमिका उलट होती. आत शिरू नका, बाहेरून हाका. आणि प्रत्येक ब्राउझरला त्याच्या त्याच्या पद्धतीनं हाका. इंटरनेट एक्सप्लोररला विंडोजच्या जोडणीतून, फायरफॉक्सला एक्स्टेन्शनमधून. क्लिक करायचं तर शक्य तिथं ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर, म्हणजे ब्राउझरला ते माणसाच्या क्लिकसारखंच वाटेल. सेम ओरिजिनची अडचण मिटली, कारण बाहेरच्याला तो नियम लागूच नाही.

मग किंमत काय मोजली? हगिन्सची एक जावास्क्रिप्ट सगळ्या ब्राउझरमध्ये चालत होती. स्ट्यूअर्टला प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळा ड्रायव्हर लिहावा आणि सांभाळावा लागला. एकीकडे सगळीकडे चालणारं पण थोडं खोटं, दुसरीकडे खरं पण प्रत्येक ठिकाणी नव्यानं घडवलेलं. २००९ मध्ये दोन्ही प्रकल्पांनी एकत्र यायचं ठरवलं, आणि जुलै २०११ मध्ये सेलेनियम २ बाहेर पडलं, त्याच्या पोटात वेबड्रायव्हर. मधल्या काळात जपानमधल्या शिन्या कासातानीनं फायरफॉक्ससाठी सेलेनियम आयडीई हे क्लिक टिपून घेणारं एक्स्टेन्शन बनवून प्रकल्पाला देऊन टाकलं होतं. त्यावर अनेकांनी पहिले धडे गिरवले, पण त्याबद्दल जास्त बोलत नाही. टिपून घेण्याचे जे तोटे क्यूटीपीत होते तेच तिथंही.

इथं एक आपल्या घरची गोष्ट. त्या वर्षांत कुठल्याही वेब डेव्हलपरचं दुखणं होतं इंटरनेट एक्सप्लोरर. सहावी आवृत्ती २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर आली आणि ऑफिसांमधून जायला दहा वर्षं लागली. तुमच्याकडे मॅक असेल तर तो ब्राउझर तपासणार कुठं? मुंबईत रितेश अरोरा आणि नकुल अगरवाल हे दोघं स्वतःच्या एका व्यवसायाची वेबसाइट बनवताना याच दुखण्यानं वैतागले, आणि २०११ मध्ये त्यांनी ब्राउझरस्टॅक सुरू केलं. तुम्ही तुमच्या ब्राउझरमधून दुसरीकडच्या खऱ्या मशीनवरचा हवा तो ब्राउझर उघडा, पुढं तर खरे मोबाइल फोनसुद्धा. २०२१ मध्ये त्या कंपनीचं मूल्यांकन ४ अब्ज डॉलर झालं. अमेरिकेत हगिन्सनंही सॉस लॅब्ज नावाची अशीच कंपनी २००८ मध्ये सहसंस्थापक म्हणून काढली होती. म्हणजे मोफत साधनानं लायसन्सचा खर्च संपवला खरा, पण ब्राउझर भाड्यानं द्यायचा नवा धंदा त्यातूनच उभा राहिला. खर्च संपत नाही हो, जागा बदलतो.

आता बाहेरून हाकण्याचा खरा धोका २०१६ मध्ये दिसला. फायरफॉक्सचा ड्रायव्हर एक्स्टेन्शन म्हणून आत बसायचा, हे मी सांगितलं. त्या वर्षी जूनमध्ये फायरफॉक्स ४७ आलं आणि त्या ड्रायव्हरबरोबर ते चालेना. घाईघाईनं ४७.०.१ काढून ते दुरुस्त केलं गेलं. पण त्यामागून आलेल्या ४८ व्या आवृत्तीत सही नसलेली एक्स्टेन्शनं चालवायची सोयच बंद झाली आणि जुना ड्रायव्हर कायमचा गेला. त्याऐवजी मोझिलाचं स्वतःचं गेकोड्रायव्हर वापरायचं, जे तेव्हा पुरतं पिकलेलंही नव्हतं. एका सोमवारी सकाळी फायरफॉक्स आपोआप अपडेट झालेला, आणि सगळ्या टेस्ट लाल. हा अनुभव इथं कितीजणांना आहे? ...हात बरेच आहेत. मोझिलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. सही नसलेली एक्स्टेन्शनं बंद करणं सुरक्षिततेसाठी योग्यच होतं. पण ज्याच्या दारातून आपण रोज जातो ते दार आपल्या मालकीचं नाही, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं.

त्यावरचा उपाय होता दाराचा करार करणं. वेबड्रायव्हरचं प्रमाणीकरण डब्ल्यूथ्रीसीत आधीपासून सुरू होतं, ते ५ जून २०१८ रोजी शिफारस म्हणून मंजूर झालं. आता ड्रायव्हर ब्राउझर बनवणाऱ्यांनी स्वतः द्यायचा. क्रोमियमवाले क्रोमड्रायव्हर देतात, मोझिला गेकोड्रायव्हर, आणि ॲपलनं तर सफारी १० पासून ड्रायव्हर सफारीबरोबरच दिला. चौदा वर्षांपूर्वी एका माणसाची कंटाळ्यातून सुचलेली युक्ती आता ब्राउझरच्या कारखान्यातूनच बाहेर पडू लागली. मला वाटतं सेलेनियमचं सगळ्यात मोठं काम हे आहे. साधन म्हणून ते मागे पडलं असेल, नसेल, पण ब्राउझरला बाहेरून हाकता आलं पाहिजे हे ब्राउझरवाल्यांकडून त्यांनी मान्य करून घेतलं.

पण करार म्हटला की सगळ्यांना झेपेल तेवढंच त्यात येतं, आणि ते बदलायला वर्षं लागतात. वेबड्रायव्हरचा व्यवहार पत्रासारखा आहे. एक हुकूम पाठवा, उत्तराची वाट बघा, मग दुसरा. ब्राउझर स्वतःहून काही सांगत नाही. पानात चूक झाली, एखादी विनंती फसली, तर विचारल्याशिवाय तुम्हाला कळणार नाही.

यातूनच या क्षेत्रातला सगळ्यात जुना आजार बळावला, आणि इथं मी थोडा थांबणार आहे, कारण साधन निवडताना शेवटी यावरच सगळं येऊन ठेपतं. तो आजार म्हणजे वाट बघणं. हगिन्सच्या काळात क्लिक केलं की नवं पान यायचं, पान आलं की पुढं जायचं. पण जीमेल २००४ मध्ये आलं, आणि पान न बदलता आतल्या आत मजकूर बदलायची पद्धत सगळीकडे पसरली. आता क्लिक केल्यावर काम कधी संपलं, हे टेस्टला कसं कळणार? बटण पडद्यावर आहे, पण त्याच्यामागचा कोड अजून जोडला गेला नाही. यादी दिसतेय, पण ती कालची आहे, आजची अजून सर्व्हरवरून यायची आहे. माणूस हे नजरेनं ओळखतो. प्रोग्रॅम ओळखत नाही.

मी पूर्वी ज्या एका टीममध्ये होतो, तिथं यावरचा उपाय होता ‘स्लीप’. पाच सेकंद झोप. टेस्ट फसली की दहा सेकंद झोप. शेवटी सगळ्या टेस्ट मिळून रात्रभर चालायच्या आणि त्यातला मोठा भाग निव्वळ झोपण्यात जायचा. तरीही रोज सकाळी पंचवीस-तीस लाल. आम्ही काय करायचो? पुन्हा चालवायचो. त्यातल्या वीस हिरव्या व्हायच्या. उरलेल्या ‘नेहमीच्याच आहेत’ म्हणून सोडून द्यायचो. एकदा त्या नेहमीच्या लालमध्ये एक खरी लाल होती. सूट दोनदा वजा होत होती. ग्राहकाच्या हिशोबातून ते कळायला आठ दिवस गेले. टेस्टनं पहिल्याच रात्री सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नव्हतं, कारण ती इतक्या वेळा खोटं बोलली होती की खरं बोलली तेव्हा कुणी लक्ष दिलं नाही.

अशा लहरी टेस्ट फक्त आमच्याकडेच होत्या असं नाही. गूगलनं २०१६ मध्ये स्वतःचे आकडे सांगितले. त्यांच्या सुमारे १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार लहरीपणा होता, आणि आधी पास असलेली टेस्ट नापास झाली की अशा सुमारे ८४ टक्के प्रसंगांत त्यात लहरी टेस्टचा संबंध असायचा. हे सगळ्या प्रकारच्या टेस्टचे आकडे आहेत, नुसत्या ब्राउझरचे नाहीत. पण गूगलसारख्या ठिकाणी लाल दिव्याची ही किंमत असेल तर बाकीच्यांचं काय!

सेलेनियममध्ये ‘अमुक दिसेपर्यंत थांब’ असं सांगायची सोय आहे, आणि नीट वापरली तर ती उत्तम चालते. पण ती प्रत्येक ठिकाणी तुम्ही लिहायची. शिस्त माणसाची, साधनाची नाही. नवी साधनं आली ती या फटीतून.

मधे एक छोटं उपकथानक. सर्व्हरवर, जिथं पडदाच नाही, तिथं ब्राउझर चालवायचा कसा? आरिया हिदायतनं २०११ मध्ये फँटमजेएस आणलं. वेबकिट हे इंजिन, पण खिडकीशिवाय. हजारो प्रकल्पांनी ते वापरलं. त्याचा दोष असा की तो कुणाचाच खरा ब्राउझर नव्हता. तुमचे ग्राहक फँटमजेएस वापरत नाहीत. पुढं ते सांभाळायला एक-दोन माणसंच उरली. एप्रिल २०१७ मध्ये क्रोम स्वतः पडद्याशिवाय चालणार अशी बातमी आली, आणि फँटमजेएस सांभाळणारा व्हिताली स्लोबोदिन बाजूला झाला. क्रोम जास्त वेगवान आणि स्थिर आहे, मग मी एकट्यानं हे का ओढू, असा त्याचा सूर होता. पुढच्या वर्षी प्रकल्प थांबला. मोफत साधन निवडताना आपण त्याची वैशिष्ट्यं बघतो. ते रात्री कोण जागून दुरुस्त करतंय हे बघत नाही.

त्याच २०१७ मध्ये दोन गोष्टी झाल्या आणि त्या अगदी उलट दिशांच्या होत्या.

ऑगस्टमध्ये गूगलच्या क्रोमच्या टीमनं पपेटियर आणलं. क्रोममध्ये उजवं क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ केल्यावर जी डेव्हलपरची खिडकी उघडते, ती ब्राउझरशी ज्या आतल्या भाषेत बोलते, तीच भाषा पपेटियर वापरतं. हे मागचं दार. पत्रव्यवहार नाही, थेट फोन चालू. ब्राउझर स्वतःहून सांगतो की ही विनंती गेली, ही फसली, हा मजकूर आला. वाट बघणं एकदम सोपं झालं. किंमत उघड आहे. दार क्रोमचं आहे, आणि त्याची भाषा क्रोम स्वतःच्या सोयीनं बदलू शकतो. कुठलाही करार नाही.

दुसरी गोष्ट, ब्रायन मानचं सायप्रेस. काही वर्षं त्यावर काम चालू होतं, ते २०१७ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. आणि गंमत बघा, सायप्रेस पुन्हा पानाच्या आत जाऊन बसलं! हगिन्सच्या जागी. टेस्ट आणि ॲप्लिकेशन एकाच ब्राउझरमध्ये, शेजारीशेजारी. त्यामुळे पानात काय चाललंय हे त्याला आतून दिसतं, एखादी गोष्ट मिळाली नाही तर ते आपोआप पुन्हापुन्हा शोधतं, आणि टेस्टच्या प्रत्येक पायरीला पान कसं दिसत होतं ते मागं जाऊन बघता येतं. फ्रंटएंडच्या पोरांना ते अफाट आवडलं. मी स्वतः पहिल्यांदा वापरलं तेव्हा एका दुपारी जेवढ्या टेस्ट लिहिल्या तेवढ्या सेलेनियममध्ये आठवड्यात झाल्या नसत्या.

पण आत बसलं की आतले नियम आलेच. सेम ओरिजिन पॉलिसी पुन्हा दारात उभी! सायप्रेसनंही मध्ये प्रॉक्सी बसवली, आरसीसारखीच. तरीही बरीच वर्षं एका टेस्टमध्ये एकाच डोमेनवर राहावं लागे. दुसऱ्या साइटवरून लॉगिन करायचं असेल तर कसरत. ही सोय सर्वसाधारण वापरात आली डिसेंबर २०२२ मधल्या १२ व्या आवृत्तीत. दुसरा टॅब चालवता येत नाही, हे आजही तसंच. फायरफॉक्सचा आधार २०२० मध्ये आला. आणि टेस्ट जावास्क्रिप्ट किंवा टाइपस्क्रिप्टमध्येच. जावावाल्या टीमला ते परकं. सायप्रेसवर टीका करणारे लोक या गोष्टी दोष म्हणून मोजतात. मला त्या २००४ सालच्याच निर्णयाचं दुसऱ्यांदा आलेलं बिल वाटतात.

मग जानेवारी २०२०. पपेटियर बनवणाऱ्यांतले काही जण गूगल सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथं त्यांनी प्लेराइट आणलं. मागच्या दारानं जाण्याची तीच कल्पना, पण तिन्ही इंजिनांसाठी: क्रोमियम, फायरफॉक्स, वेबकिट. फायरफॉक्स आणि वेबकिटला तसं दार नव्हतं, तर त्यांनी त्यांच्या कोडमध्ये बदल करून ते पाडून घेतलं आणि ते बदललेले ब्राउझर साधनाबरोबर द्यायला सुरुवात केली. क्लिक करण्याआधी बटण दिसतंय का, हलत तर नाही ना, त्यावर दुसरं काही आलेलं नाही ना, हे ते स्वतः तपासतं. स्ट्यूअर्टला जे टोचलं होतं ते इथं साधनाच्या स्वभावातच आलं. अनेक टॅब, अनेक वापरकर्ते एकाच वेळी, आणि जावा, पायथॉन, डॉटनेट सगळ्यांसाठी.

किंमत? तुम्ही जे तपासता ते ग्राहकाच्या हातातलं सफारी नाही. ते वेबकिट आहे, प्लेराइटनं बांधलेलं, आणि बहुधा लिनक्सच्या मशीनवर चालणारं. फरक थोडा असतो, पण तुमचे निम्मे ग्राहक आयफोनवर असतील तर तो थोडा फरक तुमच्या डोक्याला ताप आहे. तिथं खरा फोन लागतोच. दुसरं म्हणजे ते बदललेले ब्राउझर सतत सांभाळायला मोठी टीम लागते, आणि ती पोसतेय एक कंपनी. फँटमजेएसची गोष्ट मी उगाच सांगितली नाही.

आजचं चित्र असं की दोन टोकं एकमेकांकडे सरकतायत. डब्ल्यूथ्रीसीत वेबड्रायव्हर बायडाय नावाचा नवा मसुदा चालू आहे. बायडाय म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलणं. मागच्या दाराचा वेग, पण करार करून, सगळ्या ब्राउझरसाठी. सेलेनियम त्याच दिशेनं चाललंय, आणि ऑगस्ट २०२४ पासून पपेटियरसुद्धा फायरफॉक्सला याच मार्गानं अधिकृतपणे हाकतंय. म्हणजे क्रोमच्या मागच्या दारातून सुरू झालेलं साधन करारापाशी आलं, आणि करारवाल्यांनी मागच्या दाराची युक्ती उचलली.

प्रश्न घेऊ. ...हो, तिकडे निळा शर्ट. ...बरं, प्रश्न असा आहे की यांच्याकडे सेलेनियमच्या सुमारे अठराशे टेस्ट आहेत, जावामध्ये, आणि वरून हुकूम आलाय की सहा महिन्यांत सगळं प्लेराइटवर न्या.

मी आधी हे विचारीन की त्या अठराशेंपैकी गेल्या वर्षभरात खरा दोष किती टेस्टनी पकडला. ही यादी काढायला दोन-तीन दिवस पुरतात, आणि बहुतेक ठिकाणी ती अठराशेपेक्षा फारच लहान निघते. त्या आधी न्या. मग ज्या सतत लहरीपणा करतात त्या बघा. त्यातल्या निम्म्या ब्राउझरमधून तपासायची गरजच नसेल, थेट सर्व्हरला विनंती पाठवून काम होईल. उरलेल्या जुन्या, पण हिरव्या आणि शांत असलेल्या टेस्टना हात लावू नका. त्या चालू द्या. दोन साधनं एका घरात वर्षभर नांदली तर काही बिघडत नाही. आणि सहा महिन्यांचा हुकूम ज्यांनी काढला, त्यांच्यापुढं आकडा ठेवा. कुठल्या टेस्टनं काय पकडलं याचा तक्ता मात्र तुम्हालाच करावा लागेल, तो नेटवर मिळणार नाही.

पुढचा प्रश्न? ...नाही? मग चहा तयार आहे, तिथं बोलू.